एकाच बाजूचा सायनस: दाढ, औषधे आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया यांच्या क्रमाचे एक प्रकरण

सायनसच्या, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतील हवेच्या पोकळ्यांच्या, जुन्या दुखण्याचे रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक बहुधा एकच प्रश्न घेऊन तपासणीला येतात: गोळ्या-औषधांनी भागेल, की ऑपरेशनच करावे लागेल? पुढील प्रकरणातही प्रश्न तोच होता आणि कुटुंब त्याच्या उत्तरासाठीच लातूरला आले होते. परंतु त्याला हात घालण्याआधी सायनसमध्ये संसर्ग येतो कोठून हे ठरवणे आवश्यक होते. ते ठरले आणि औषधे, दाढेवरचा उपचार व शस्त्रक्रिया यांचा क्रमच बदलला. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील येथे बदलले आहेत.

रुग्ण आणि तक्रार

औसा तालुक्यातील एका गावात राहणाऱ्या या बाईंचे वय ४७ वर्षे. घरची कोरडवाहू शेती, खरिपात सोयाबीन आणि तूर. सहा वर्षांपासून मधुमेह होता. गोळ्या सुरू होत्या, पण कामाच्या दिवसांत त्या घेण्यात खंड पडत असे. श्रावणात त्या मुलासोबत आल्या तेव्हा डाव्या गालात जडपणा, डाव्या नाकपुडीतून घट्ट पिवळा स्राव, तोच स्राव घशात उतरत राहणे आणि नाक चोंदणे या तक्रारींना सुमारे आठ महिने झाले होते. खुरपताना खाली वाकले की गाल भरून येतो, असे त्या सांगत होत्या. मुलाने जपून ठेवलेल्या चिठ्ठ्यांवरून दिसत होते की या काळात त्यांना पाच वेळा निरनिराळी अँटिबायोटिक औषधे मिळाली होती. प्रत्येक वेळी गोळ्या चालू असेपर्यंत स्राव कमी होई आणि गोळ्या संपल्यावर दहा-पंधरा दिवसांत पुन्हा पूर्वीसारखा सुरू होई.

याशिवाय नाक मोकळे करणारे झायलोमेटाझोलिनचे थेंब त्या चार महिन्यांपासून रोज, दोन्ही नाकपुड्यांत, दिवसातून अनेकदा घालत होत्या. सुरुवातीला फक्त डावी बाजू चोंदत होती. आता थेंबांशिवाय दोन्ही बाजू बंद राहत. एका ठिकाणी काढलेल्या साध्या एक्स-रेमध्ये डाव्या गालातील सायनस धुरकट दिसल्याने त्यांना दोन्ही बाजूंच्या सायनसची आणि सोबत नाकाचा वाकडा पडदा सरळ करण्याची शस्त्रक्रिया सुचवण्यात आली होती. गावात मात्र ‘सायनसचं ऑपरेशन केलं तरी ते परत होतंय’ असे सगळे सांगत होते. मधुमेह आणि नाकातील पू या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे मुलाला २०२१ मधील काळ्या बुरशीची धास्ती होती. त्या वर्षी नात्यातील एकाचा डोळा तिच्यामुळे गेला होता.

सगळ्यात उपयोगी माहिती मात्र विचारल्यावर मिळाली. ‘वास येतो का?’ या प्रश्नावर बाई म्हणाल्या, ‘नाकातनं कुजल्यावानी वास यायलाय, डॉक्टरसाहेब. घरच्यायला कुणालाच येत नाही, मलाच येतोय.’ सायनसच्या जुन्या दुखण्यात, विशेषतः नाकात कोंब (पॉलिप, म्हणजे सुजलेल्या अस्तराचे मऊ फुगवटे) झालेल्या रुग्णांत, वास घेण्याची क्षमता कमी होते. दुर्गंधी स्वतःलाच जाणवत राहणे हे वेगळे लक्षण आहे. एकाच बाजूचा त्रास आणि अशी दुर्गंधी असे दोन्ही असताना वरच्या दाढांची चौकशी टाळता येत नाही. दाढ दुखते का, असे विचारल्यावर त्यांनी नकार दिला. पूर्वी कधी दुखली होती का, असे विचारल्यावर मात्र समजले की दोन वर्षांपूर्वी वरची डावी दाढ फार ठणकत होती. रूट कॅनाल सुरू केले, दोन खेपांत ठणका थांबला आणि पुढची खेप व कॅप दोन्ही राहून गेले.

तपासणी

दुर्बिणीने नाक पाहिले असता डाव्या बाजूच्या मधल्या खाचेतून, म्हणजे गालातील सायनसचे तोंड जेथे उघडते तेथून, पू उतरताना स्पष्ट दिसला. कोंब नव्हते. काळी खपली किंवा रक्तपुरवठा तुटलेली निर्जीव त्वचा कोठेही नव्हती. डोळ्यांची हालचाल आणि दृष्टी उत्तम होती, गालाची संवेदना शाबूत होती, टाळू स्वच्छ होता. त्यामुळे काळ्या बुरशीची शंका पहिल्याच भेटीत मागे पडली आणि ते कुटुंबाला स्पष्ट शब्दांत सांगितले. पडदा उजवीकडे थोडा वाकलेला होता, पण डाव्या बाजूच्या आजाराशी त्याचा संबंध लावता येत नव्हता. थोडाफार वाकडा पडदा पुष्कळ निरोगी माणसांत असतो आणि केवळ तो दिसला म्हणून सरळ करण्याची गरज नसते. दोन्ही बाजूंची नाकातील मांसल घडी सुजून लालभडक झाली होती. हा थेंबांच्या अतिवापराचा परिणाम होता. वरच्या डाव्या पहिल्या मोठ्या दाढेचा वरचा भाग अर्धा तुटलेला होता आणि तिच्यावर हलके ठोकल्यावर बाईंना किंचित कळ जाणवली.

सीटी स्कॅनची चिठ्ठी लिहिताना वरच्या दातांचा पूर्ण भाग चित्रात घ्यावा, असे मुद्दाम नमूद केले. सायनसच्या नेहमीच्या स्कॅनमध्ये दात अनेकदा अर्धवट येतात आणि आले तरी अहवालात त्यांच्याविषयी ओळ नसते, म्हणून चित्रे स्वतः पाहणे आवश्यक असते. या स्कॅनमध्ये डाव्या गालातील सायनस पूर्ण भरलेला होता, त्याच बाजूच्या डोळ्यालगतच्या पुढच्या सायनसमध्ये थोडी सूज होती, आणि उजवीकडचे सर्व सायनस स्वच्छ होते. पहिल्या दाढेच्या मुळाच्या टोकाभोवतीचे हाड झिजून पोकळी झाली होती आणि त्या जागी सायनसच्या तळाचे हाड उरलेच नव्हते. भरलेल्या सायनसमध्ये दाट पांढरा ठिपका नव्हता. तो असता तर बुरशीच्या गोळ्याचा विचार करावा लागला असता आणि मग निर्णयही वेगळा झाला असता, कारण बुरशीचा गोळा औषधाने विरघळत नाही, तो शस्त्रक्रियेनेच काढावा लागतो. प्रौढ माणसात एकाच बाजूचा सायनस भरलेला दिसतो तेव्हा दात, बुरशीचा गोळा आणि गाठ या तीन शक्यता तपासल्याशिवाय ‘जुना सायनस’ असा शिक्का मारू नये, असे माझे ठाम मत आहे. साध्या एक्स-रेवरून यांतील एकही गोष्ट खात्रीने कळत नाही.

‘तीन महिन्यांची साखर’ (एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी चाचणी) ९.४ टक्के होती, म्हणजे मधुमेह आटोक्यात नव्हता.

दाढेतून सायनस कसा बिघडतो

वरची दुसरी उपदाढ आणि पहिल्या दोन मोठ्या दाढा यांची मुळे गालातील सायनसच्या तळाला भिडलेली असतात. काही जणांत मूळ आणि सायनस यांच्यामध्ये फक्त नाजूक अस्तर असते. दाढेतील नस मेली आणि मुळाशी पू साठू लागला की तो कमी विरोधाच्या दिशेने, म्हणजे सायनसमध्ये फुटतो. पुवाला वाट मिळाल्यामुळे दाब वाढत नाही, म्हणूनच दाढ दुखत नाही. रुग्णाला दाढ बरी झाली असे वाटते आणि काही महिन्यांनी नाकाचे दुखणे सुरू होते, तेव्हा या दोन्हींचा संबंध त्याच्या मनात येत नाही. अशा संसर्गात प्राणवायूविना वाढणारे जंतू मोठ्या प्रमाणावर असतात. दुर्गंधी त्यांचीच असते आणि पुवाच्या नेहमीच्या कल्चर तपासणीत ते पुष्कळदा उगवतही नाहीत.

गालातील सायनसची रचनाही येथे समजून घ्यावी लागते. माळवदाच्या घरात झरोका भिंतीवर अगदी उंच असावा, तसे या सायनसचे तोंड वरच्या बाजूला, नाकाच्या भिंतीत असते. खाली साठलेला स्राव आपल्या भाराने बाहेर पडू शकत नाही. अस्तरावरील सूक्ष्म केस त्याला वर, नेमके त्या तोंडाकडे ढकलतात. तोंड सुजेने बंद झाले किंवा केसांची हालचाल मंदावली की स्राव आतच राहतो. या बाईंच्या बाबतीत खालून दाढेचा पू येत होता आणि वरचे तोंड सुजले होते. आठ महिने दिलेली अँटिबायोटिक औषधे जंतूंची संख्या तात्पुरती घटवत होती, पण या दोन्ही ठिकाणी काहीच बदल करू शकत नव्हती.

पहिला टप्पा: शस्त्रक्रियेविना

कुटुंबाला योजना समजावून सांगितली: आधी दाढ, साखर आणि नाकाची निगा, त्यानंतर सुमारे तीन महिन्यांनी शस्त्रक्रियेचा निर्णय. मुलाला हा कालावधी लांब वाटला. मात्र दाढ तशीच ठेवून सायनस उघडला तर पुवाचा उगम कायम राहतो, आणि ‘ऑपरेशन करूनही परत झाले’ अशा तक्रारींतील काही तरी याच कारणाने घडलेल्या असतात. हे स्कॅनच्या चित्रावर दाखवल्यावर त्याला पटले. अशा रुग्णांपैकी अनेकांचा सायनस दाढेच्या उपचारानेच बरा होतो; ज्यांचा होत नाही त्यांच्यासाठी शस्त्रक्रिया राहतेच.

दंतवैद्यांच्या मते दाढ पुन्हा रूट कॅनाल करून वाचवण्यासारखी नव्हती, कारण ती हिरडीच्या खालपर्यंत तुटली होती. ती काढली तेव्हा तोंड आणि सायनस यांच्यामध्ये सुमारे दोन मिलिमीटरचे छिद्र दिसले. एवढे लहान छिद्र रक्ताची गुठळी टिकली तर आपोआप भरून येते, म्हणून वर टाके घेऊन गुठळी सुरक्षित केली. पाच मिलिमीटरहून मोठे छिद्र असते तर बाजूची त्वचा ओढून ते बंद करावे लागले असते. पुढील दोन आठवडे नाक जोरात शिंकरायचे नाही, शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकायचे, स्ट्रॉने काही प्यायचे नाही आणि तंबाखूची मिश्री लावायची नाही, या सूचना दिल्या. मिश्रीची सवय सोडवणे सर्वांत कठीण गेले. ती दोन आठवडे तरी थांबली, हे सुनेच्या देखरेखीमुळे.

दाढ काढण्याच्या सुमारास अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचा एकच पूर्ण कोर्स दिला, कारण ते प्राणवायूविना वाढणाऱ्या जंतूंवरही चालते. त्यानंतर अँटिबायोटिक दिले नाही. साध्या सर्दीत चार-पाच दिवसांनी स्राव पिवळा होतो म्हणून अँटिबायोटिक सुरू करण्याची प्रथा आपल्याकडे रूढ आहे आणि तिचे दुष्परिणाम गंभीर आहेत. सर्दीतून आलेला बहुतेक सायनसचा त्रास विषाणूंचा असतो व आपोआप ओसरतो. दहा दिवसांनंतरही सुधारणा नाही, बरे वाटू लागल्यावर पुन्हा ताप आणि पू वाढला, किंवा सुरुवातीपासूनच सलग तीन-चार दिवस मोठा ताप, चेहऱ्यात तीव्र दुखणे आणि पू आहे, अशा परिस्थितीतच जिवाणूंची शंका घ्यावी.

नाक मोकळे करणारे थेंब बंद केले. तीन ते पाच दिवसांहून अधिक वापरल्यास या थेंबांमुळेच नाक चोंदू लागते, ही गोष्ट औषधाच्या दुकानात क्वचितच सांगितली जाते. ते सोडताना पहिला आठवडा फार त्रासाचा जातो, म्हणून त्याच वेळी स्टेरॉइडचा नाकातील फवारा सुरू केला. ‘स्टेरॉइड’ हा शब्द ऐकताच मुलाने साखरेची काळजी व्यक्त केली आणि ती रास्त होती. स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मधुमेहात साखर झपाट्याने वाढते, म्हणून या रुग्णात त्या टाळल्या. मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनच्या फवाऱ्याचा रक्तात जाणारा अंश मात्र अत्यल्प असतो. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, टोक मधल्या पडद्याकडे न ठेवता बाहेर, डोळ्याच्या कोपऱ्याच्या दिशेने ठेवून फवारा मारायचा, हे त्यांच्याकडून समोर करून घेतले. चुकीच्या दिशेने मारलेल्या फवाऱ्याने पडद्यातून रक्त येते आणि रुग्ण औषध सोडून देतो. परिणाम जाणवायला एक-दोन आठवडे लागतात, हेही आधीच सांगितले.

मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा या टप्प्यातील सर्वांत स्वस्त आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. जलनेती घरोघरी ऐकून माहीत असते. प्रश्न पाण्याचा असतो. गावात बोअरचे पाणी येते आणि तेच सरळ नाकात घालण्याची शक्यता असते. दूषित पाणी नाकात गेल्यास एका प्रकारचा अमीबा मेंदूपर्यंत पोहोचू शकतो आणि तो संसर्ग बहुधा प्राणघातक ठरतो. केरळमध्ये २०२४ आणि २०२५ मध्ये अमीबाच्या अशा मेंदूसंसर्गाचे रुग्ण आढळले आहेत. म्हणून पाण्याला खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळत ठेवावे, झाकून कोमट होऊ द्यावे, आणि पाव लिटर पाण्यात अर्धा लहान चमचा आयोडीन नसलेले मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा. दाढेची जखम भरेपर्यंत नाक धुणे थांबवले होते. ते तिसऱ्या आठवड्यात, दिवसातून दोनदा, दाब न देता सुरू केले. वाफ घेण्याने बरे वाटते, म्हणून त्यांना ती बंद करायला सांगितले नाही, पण तिने संसर्ग जात नाही हे स्पष्ट केले.

ऑक्टोबरमध्ये सोयाबीनची काढणी आली. मळणी यंत्राजवळ उभे राहायचे नाही आणि रानात मास्क वापरायचा, एवढेच बंधन घातले. धुळीने हा आजार झालेला नव्हता, परंतु भरून येणाऱ्या अस्तराला ती सोसत नाही.

दुसरा टप्पा: शस्त्रक्रियेचा निर्णय

दिवाळीनंतर, दाढ काढून बारा आठवडे झाल्यावर पुन्हा तपासणी केली. दुर्गंधी पूर्णपणे गेली होती, उजवे नाक मोकळे झाले होते, थेंब सुटले होते आणि तीन महिन्यांची साखर ७.६ टक्क्यांवर आली होती. हिरडी भरून आली होती. गालातील जडपणा अर्ध्याने कमी होता, पण डाव्या नाकातून सकाळी घट्ट स्राव येतच होता आणि दुर्बिणीत मधल्या खाचेत पू दिसत होता. दुसऱ्या स्कॅनमध्ये डोळ्यालगतचा सायनस स्वच्छ झालेला होता. गालातील सायनस मात्र बराचसा भरलेलाच होता आणि त्याचे तोंड जाड अस्तराने बंद होते. उगम नाहीसा झाल्यानंतरही वाट बंद राहिली होती. या स्थितीत आणखी औषधे देत राहण्यात अर्थ नव्हता.

मुलाने मोबाइलवर फुग्याने सायनस उघडण्याच्या पद्धतीविषयी पाहिले होते आणि ती चालेल का, असे विचारले. अमेरिकेत २००५ पासून वापरात आलेल्या या पद्धतीत सायनसच्या तोंडात फुगा फुगवून ते रुंद केले जाते व हाड किंवा अस्तर काढले जात नाही. मर्यादित सुजेच्या निवडक रुग्णांत तिचा उपयोग होतो. येथे आत घट्ट पू होता, अस्तराचा तुकडा तपासायचा होता आणि तोंड चांगले मोठे ठेवणे आवश्यक होते, म्हणून ती योग्य नव्हती.

जुन्या काळी ओठ उचलून, वरच्या हिरडीच्या वर छेद देऊन गालाच्या हाडातून सायनसमध्ये शिरत आणि अस्तर खरवडून काढत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉल्डवेल आणि ल्यूक यांनी वर्णिलेली ही शस्त्रक्रिया अनेक दशके चालली. नंतर गालात बधिरपणा राहणे ही तिची नेहमीची तक्रार असे. शिवाय तळाशी पाडलेल्या छिद्रातून स्राव बाहेर पडेल ही अपेक्षाही पुरी होत नसे, कारण सूक्ष्म केस स्रावाला जुन्या, वरच्या तोंडाकडेच नेत राहतात. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे मेसरक्लिंगर यांनी दुर्बिणीने हा प्रवाह बारकाईने अभ्यासला आणि नैसर्गिक तोंडच मोकळे करण्याचा मार्ग पुढे आला. श्टामबर्गर आणि अमेरिकेतील केनेडी यांनी १९८०च्या दशकात तो जगभर पोहोचवला. आजची दुर्बिणीची शस्त्रक्रिया ती हीच.

बाईंना समजावताना धोकेही सांगितले. डोळा आणि सायनस यांच्यामधले हाड अतिशय पातळ असते आणि वर मेंदूचे आवरण असते. डोळ्याला इजा, मेंदूभोवतीचे पाणी नाकात गळणे किंवा मोठा रक्तस्राव अशा गंभीर गुंतागुंती साधारण शंभरात एक किंवा त्याहून कमी रुग्णांत होतात. चेहऱ्यावर छेद नसतो. सायनस काढून टाकला जात नाही, त्याचे तोंड उघडले जाते, आणि नंतरची निगा राखली नाही तर ते पुन्हा चिकटते.

तुरीची काढणी जानेवारीत होती, म्हणून शस्त्रक्रिया डिसेंबरच्या सुरुवातीला घेतली. ती पूर्ण भूल देऊन आणि फक्त डाव्या बाजूची केली. गालातील सायनसच्या तोंडावरचे लहानसे हाड काढून ते नैसर्गिक तोंड रुंद केले, आतील पू धुऊन काढला आणि अस्तराचा तुकडा तपासणीला पाठवला. पडद्याला आणि उजव्या बाजूला हात लावला नाही. डोळ्यालगतचा सायनसही आता उघडावा लागला नाही. आधी दुसरीकडे सुचवलेल्या मोठ्या शस्त्रक्रियेच्या तुलनेत हे काम बरेच लहान होते. तुकड्याच्या अहवालात जुनी सूज होती. बुरशी किंवा गाठीचे लक्षण नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्या घरी गेल्या. एका आठवड्याने दुर्बिणीने खपल्या काढल्या, नंतर आणखी दोनदा साफसफाई केली. मिठाच्या पाण्याने धुणे शस्त्रक्रियेनंतर लगेच सुरू केले होते आणि फवारा तीन महिने चालू ठेवला. तुरीच्या काढणीला त्या गेल्या नाहीत. तो निर्णय त्यांच्या नवऱ्याने स्वतःहून घेतला.

सद्यस्थिती

शस्त्रक्रियेला सहा महिने झाले तेव्हा सायनसचे तोंड उघडे आणि अस्तर गुलाबी होते, पू नव्हता. या काळात एकदाही अँटिबायोटिक लागले नाही. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणे, नजर कमी होणे, गाल बधिर पडणे, नाकात काळी खपली किंवा मान आखडून तीव्र डोकेदुखी यांपैकी काही झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठायचे, ही सूचना मुलाच्या मोबाइलमध्ये मराठीत लिहून दिली आहे. साखर नियंत्रणाबाहेर गेलेल्या रुग्णात काळ्या बुरशीचे निदान लांबले तर त्याची किंमत डोळ्याने किंवा जिवाने मोजावी लागू शकते.

एक काम अजून शिल्लक आहे. काढलेल्या दाढेच्या जागी नवा दात बसवायचा आहे. तेथे हाडात स्क्रू घालून दात रोवायचा तर सायनसच्या तळाचे हाड पुरेसे भरून आले आहे का, हे आधी दातांच्या स्कॅनवर पाहावे लागेल. ते न भरल्यास शेजारच्या दातांच्या आधाराने पूल बसवण्याचा पर्याय दंतवैद्यांनी सुचवला आहे, आणि तो स्कॅन पुढच्या भेटीआधी करून घ्यायचे ठरले आहे.